‘ठेवा’ आणि ‘जाऊ द्या’

माझ्या टेबलावर तीन संगणक, तिघांची घराणी वेगळी.
एक म्हणतो, ‘ठेवा’चं बटण उजवीकडे हवं,
दुसरा म्हणतो, डावीकडे,
तिसऱ्याच्या पोटातच चाळीस तट.
अकरा वर्षं मी तिघांशी तीन तोंडांनी बोलत आले.

म्हणून तार्तूत, रात्री साडेतीनला,
बाहेर उणे अठरा असताना
दवितनं कुताईसीहून पाठवलेला बदल मी मान्य केला.
आता तिन्हीकडे एकच चौकट, एकच क्रम.
सहाशे ओळी गेल्या.
सहाशे ओळी जाण्याचं सुख
दुसऱ्याचा माळा आवरलेल्यालाच कळेल.
दवितला मी कधी पाहिलेलं नाही. पगार त्यालाही नाही, मलाही नाही.
कुणाच्याच बापाचं नाही म्हणून सगळ्यांचं,
असलं हे काम.

नवव्या दिवशी हीउमा बेटावरून पत्र.
हेल्दुर किकास, दीपगृहावरचे निवृत्त मेकॅनिक,
एकोणतीस हिवाळे समुद्रावरची बदकं मोजतात,
त्यातले शेवटचे दहा आमच्या प्रोग्रॅममध्ये.
पत्रात शिवी नव्हती. असती तर बरं झालं असतं.
‘काल चार हजार तीनशे बारा मोजली.
खिडकी बंद करताना तिनं विचारलं,
मी नेहमीच्या जागी दाबलं.
नेहमीच्या जागी आता “जाऊ द्या” आहे.
गेली.’

त्याच आठवड्यात ताल्लिनला परिषद होती.
मंचावर एक पोरगा, पायात पांढरे बूट, सांगत होता:
खिडक्या संपल्या, बटणं संपली,
पडद्याला हात लावणारी ही शेवटची पिढी.
तुम्ही फक्त बोलायचं, बाकी सगळं होत जाईल.
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.
मग घरी न जाता बस पकडली, आणि रोहुक्युलाहून फेरी,
बर्फाचे तुकडे बाजूला सारत कुरकुरत जाणारी.

स्वयंपाकघरात वाटाण्याच्या सुपाचा वास.
खिडकीत दुर्बीण, दुर्बिणीशेजारी संगणक,
आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, काचेवर,
जखमेला लावतात ती चिकटपट्टी.
‘इथे होतं,’ ते म्हणाले.
मी समजावायला तोंड उघडलं: सुसंगती, मानकं,
तिन्हीकडे एकच—
‘थांबा,’ ते म्हणाले, आणि डोळा दुर्बिणीला लावला.

औल आली होती, लांब शेपटीची, पाण्याला चिकटून उडणारी.
हेल्दुरांचा उजवा हात कळांवर होता,
दहाला एक कळ, शंभराला दुसरी,
हाताकडे ते एकदाही बघत नव्हते.
ओठ हलत होते, आवाज नव्हता.
पंधरा-वीस मिनिटं मी तशीच उभी,
ओला कोट अंगावर.

थवा संपल्यावर मी त्यांना पांढऱ्या बुटांचं सांगितलं:
पुढे नुसतं बोललं की पुरेल.
त्यांनी सूप वाढलं. बराच वेळ विचार केला.
‘मोजताना बोललं,’ म्हणाले, ‘की आकडा सुटतो.’

परतीच्या फेरीत, मांडीवर संगणक घेऊन,
मी चौदा ओळी लिहिल्या.
कुठल्याच यादीत न दिसणारी एक सोय,
तिच्या फाइलीत एक शब्द लिहिला
की बटणं जुन्या जागी जातात.
दवितनं विचारलं, रागानं नव्हे, दवित रागावत नाही,
‘किती जणांना लागणार हे?’
मी लिहिलं, ‘एकाला.’

दोन दिवस काही नाही.
या दोन दिवसांत ती चार हजार तीनशे बारा
कुठल्या कुठल्या खाडीत उतरली असतील,
आपली नोंद नाही हे माहीत नसताना.

तिसऱ्या दिवशी चौदा ओळी मान्य झाल्या.
खाली दवितनं लिहिलं होतं:
‘दोन. माझी आई परवापासून माझ्याशी बोलत नाहीये.’

हेल्दुरांना कळवलं. उत्तर एका ओळीचं आलं:
चालतंय. पट्टी मात्र राहू दिली आहे,
तुम्हा लोकांचा भरवसा नाही.