प्लॉट सात, कोरडा

मोहोळच्या अलीकडे, जानेवारीत,
काळ्या रानाला गेलेल्या भेगेत
माझी पेन्सिल पडली.
इरण्णा म्हणाला, राहू द्या मॅडम,
नांगरटीला येईल वर.

सहाच्या ज्वारीला पोटरीत असताना एक पाणी दिलं होतं.
साताला नाही. एवढाच फरक,
आणि मधे चार ओळी सोडलेल्या,
पाण्यानं पाझरून लबाडी करू नये म्हणून.

साताच्या मुळांना आधी कळलं.
मुळं ओरडत नाहीत.
ती एक आम्ल वर धाडतात, पेरापेरातून,
जसं पंगतीत वाढणाऱ्याच्या कानाशी
घरातलं कुणी येऊन सांगावं:
वरण संपत आलंय.
पानं आपली बारीक तोंडं मिटून घेतात.

त्या आम्लाला नाव पडलं गळण्यावरून.
काम बघावं तर धरून ठेवण्याचं.
कोवळ्या दाण्याला ते म्हणतं, घाई नको,
उगवू नकोस एवढ्यात;
आणि रोजची प्रथिनं बाजूला सारून
अडीनडीची घडवायला लावतं,
कोरडं पडलं तरी आतलं विस्कटू न देणारी.

प्रयोगशाळेत दोन्ही पिठं तेजाबात उकळली.
रात्री आठपर्यंत थेंब मोजत बसले,
हिरव्याचं गुलाबी होईतो.
सहा: नऊ पूर्णांक सहा टक्के.
सात: अकरा पूर्णांक नऊ.
पुन्हा केलं. तेच.

मला आनंद झाला. कशाचा, ते आता सांगता येत नाही.
जोडबसवण्णा चौकात उतरून आईला फोन केला:
तहानलेल्या ज्वारीत बळ जास्त असतं, बघ.
असेल, ती म्हणाली.
भाकरी किती होतील तिच्या?

सकाळी हजार-हजार दाणे काट्यावर ठेवले.
सहाचे छत्तीस ग्रॅम.
साताचे पंचवीस.

म्हणजे दाण्यामागं प्रथिन वाढलं नव्हतंच.
तेही घटलं होतं थोडं,
पिष्ट फार घटलं होतं,
आणि टक्का उभा होता
सामान हलवलेल्या खोलीत
उंच वाटणाऱ्या माणसासारखा.

दोन्ही आकडे वहीत घेतले, शेजारी शेजारी.
एकट्या टक्क्याला आता
मी कुठं पाठवणार नाही.

मग हे चांगलं म्हणायचं का वाईट?
इरण्णानं विचारलं.
मी शाईपेनचं टोपण लावत राहिले.
त्यानं साताच्या पिशवीतले चार दाणे तोंडात टाकले,
कचकन चावले,
लई कडक हाय, म्हणाला,
आणि आणखी चार घेतले.