चौथं रीळ

खरसुंडीच्या यात्रेत टॉकीजचा तंबू पडला होता.
पडद्याला मधोमध ठिगळ,
त्यामुळं जो कोणी जवळून दिसायचा
त्याच्या गालावर शिवण.
ऐवळे गुरुजींनी आम्हा एकोणीस पोरांना
वस्तीवरून चालवत नेलं, सात मैल.
तिकिटं त्यांच्या पगारातली.
आम्हाला वाटलेलं, सरकारच काढतं.

सिनेमा मास्तरचा होता.
कडक इस्त्रीचा, मोठ्या शहरातला मास्तर
वाया गेलेल्या वर्गात येतो
आणि काही न बोलता
आधी सगळ्या खिडक्या उघडतो.
तंबूत शिट्ट्या पडल्या.
म्हाळू मोटे म्हणाला, आपल्या शाळंला खिडक्याच हायत,
भिंती तेवढ्या घालायच्या राहिल्यात.
गुरुजीपण हसले.

मग मागच्या बाकावरच्या पोरावर चोरीचा आळ आला.
माझ्या पायांना मुंग्या.
मास्तर त्याच्यासमोर उभा राहतो,
चष्मा काढतो, तोंड उघडतो,
आणि पडदा पांढरा.
शिवण तेवढी उरली.

चौथं रीळ दिघंचीच्या तंबूतून सायकलवर यायचं होतं.
सायकल आली नाही.
पैसे परत मागू नयेत म्हणून
मालकानं मूठमूठ फुटाणे वाटले.

परतताना रात्र एवढी काळी
की पुढच्याचा सदरा धरून चालायचं.
ओढ्यापाशी हौसा म्हणाली,
'गुरुजी, पुढं काय झालं असंल ओ?'
गुरुजी बराच वेळ नुसते चालले.
वहाणांचा आवाज. लांब मेंढरांच्या तळावरचं कुत्रं.
मग म्हणाले,
'मास्तर त्या पोराला म्हणाला,
तू घेतलंस का नाही, मला सांगू नगंस.
उद्यापासनं शाळेची किल्ली तुझ्याकडं.'
'आणि मग?'
'मग काय? सकाळी पोरानं दार उघडलं.
वर्ग भरला.'
'एवढंच?'
'एवढंच.'
पोरं हिरमुसली.
मी फुटाणे तोंडात धरून राहिलो, चावेनात.
संचयिकेच्या डब्यातले अकरा रुपये
माझ्या दप्तराच्या अस्तरात होते,
आठ दिवस.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर
गुरुजींनी खिशातून किल्ली काढली,
काळ्या नाडीत ओवलेली,
आणि हजेरी मांडता मांडता
माझ्याकडं न बघता पुढं केली.
'दार जरा वर उचलून ढकलावं लागतं,' म्हणाले.

डबा त्या आठवड्यात बरोबर भरला.
कधी, कसा, कोणी विचारलं नाही.

आता एर्नाकुलमला असतो. गलाईचं काम.
सोनारांच्या झाडलोटीतला केर आटवायचा
आणि ज्याचं सोनं त्याला द्यायचं.
दुकानाच्या किल्ल्या अठ्ठावीस वर्षं माझ्याच कमरेला,
शेठ सांगलीवरून फोनसुद्धा करत नाही.
परवा भट्टी निवता निवता
मोबाइलवर तोच सिनेमा सापडला.
ठिगळ नव्हतं. सगळ्यांचे गाल केवढे गुळगुळीत.

चौथ्या रिळात मास्तर चष्मा काढतो
आणि बोलतो, सात मिनिटं बोलतो,
मागं व्हायोलिन,
खरा चोर दुसराच निघतो,
हेडमास्तर रडतात,
पोरगा धुतल्या तांदळासारखा.

खोटं कशाला सांगू, माझेही डोळे भरले.
पण त्या पोरानं घेतलंच नव्हतं.
मग मास्तरला त्यात अवघड काय होतं?

करगणीहून नुकतंच आलेलं पोरगं
पोत्यावर आडवं होऊन एका डोळ्यानं बघत होतं.
'कसा हाय ओ, मामा?'
'बरा हाय,' म्हटलं.
'शेवट चुकलाय.'