पेव

आप्पांचे डोळे पिवळे झाले
हे आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही.
चाळीस वर्षं सांगलीच्या यार्डात हळद तोलली त्यांनी.
बनियन पिवळं, नखं पिवळी,
उशीचा अभ्रा धुऊन धुऊन पिवळा.
आई म्हणायची, हा रंग माणसाबरोबरच जायचा.

खोकल्याचं सहा महिन्यांचं औषध सरकारी दवाखान्यातलं.
गुडघ्याची गोळी पेठेतल्या दुकानातून, चिठ्ठीशिवाय.
झोपेची,
भरमूअण्णांना लागू पडली म्हणून.
वर कुणीतरी कोल्हापूरहून आणलेलं चूर्ण.
आणि यातली एकही वेळ चुकवली नाही हो त्यांनी.
हिशेबाचा माणूस.
गिळलेल्या प्रत्येक गोळीचं कॅलेंडरवर टिंब.

मिरजेला डॉक्टरबाईंनी पिशवी टेबलावर पालथी केली.
पाकिटं मोजता मोजता गप्प झाल्या.
मग आप्पांची पापणी खाली ओढून
बॅटरी मारली डोळ्यात,
आणि मला हरिपूरचं पेव आठवलं.
लहानपणी त्यांनीच दाखवलेलं:
तोंड उघडलं की लगेच उतरायचं नसतं पोरी,
आधी दोरीला कंदील बांधून सोडायचा.
विझला, तर आत हवा नाही.

"लिव्हर लवकर बोलत नाही," बाई म्हणाल्या,
"सोसत राहतं."
आप्पांनी मान डोलावली,
जणू ओळखीच्या एखाद्या हमालाविषयी
बोलणं चाललंय.

सगळं बंद, असं बाईंनी कागदावर लिहिलं.
खाली दोन रेघा ओढल्या.
आप्पा बराच वेळ त्या रेघांकडे बघत बसले.
मग हळूच विचारलं,
"आणि गुडघ्याचं?"