झाकणाचे खिळे

साक्री रोडला रविवारी सकाळी साडेसहाला
आम्ही सात-आठ जण जमतो.
झिपरू मिस्तरींच्या पिशवीत एक कटावणी, दोन पकडी
आणि तेलाची बाटली. तेल खिळ्यासाठी,
झाडासाठी नाही, असं ते दरवेळी सांगतात.
कुमुदताई अमृतकर शिडी धरतात,
म्हणजे शिडीवरच्याला शिव्या घालतात.
नाझनीन पिंजारी, नववी ब, वही सांभाळते:
झाड नंबर, जात, खिळे, तारा, शेरा.

महापालिकेला दोन अर्ज गेले, तिकडून एक पोच आली.
ती कुमुदताईंनी लॅमिनेट करून घेतली
आणि म्हणाल्या, आता पकड आणा.

पहिल्या रविवारी रसवंतीवाल्यानं विचारलं,
"काय करी ऱ्हायनात भो?"
"काटा काढी ऱ्हायनूत," मिस्तरी म्हणाले.
दुसऱ्या रविवारी शिडी पुरेना, तेव्हा त्यानं टेबल दिलं.

मी पकड धरतो. बोलत नाही.
कारण निघणाऱ्या दर पाच खिळ्यांत
एकाच्या डोक्याखाली असतं
सोड्याच्या बाटलीचं झाकण, चपटं,
गंजून बिस्किटासारखं झालेलं.
"हे कशाला लावत असतील?"
"पत्रा फाटू नये म्हणून. वाऱ्यानं."
"तुम्हाला काय माहीत?"
मी तेलाची बाटली शोधायला लागतो.
बाटली माझ्या पायाशीच असते.

शहाण्णव ते दोन हजार नऊ.
टायपिंग क्लास, मूळव्याध, साड्यांचा सेल,
कुणाकुणाचे वाढदिवस.
बोर्ड मीच रंगवायचो, मीच ठोकायचो.
पैसे बोर्डाचे, खिळे फुकट.
खांब कमी होते, आणि कडुनिंब
प्रार्थनेला उभे केल्यासारखे रांगेत.
पहिला घाव मऊ लागायचा,
गरम भाकरीत बोट रुतावं तसा.
ते मऊपण मला आवडायचं.
हे कुठल्या रकान्यात बसतं?

मेचा दुसरा रविवार. काल चव्वेचाळीस होतं.
आज साडेआठलाच डांबर चपलेला धरून ठेवतंय.
सदतीस नंबरच्या सावलीत सगळे टेकले,
डबे उघडले, ठेचा फिरला,
आणि मी म्हणालो, झाकणवाला मी.

मिस्तरींनी घास सावकाश चावून संपवला.
कुमुदताई म्हणाल्या,
"म्हंजे तुले माहीत शे, कोठे कोठे शेतस ते."
एवढंच.
नाझनीननं पट्टी ठेवून नवा रकाना आखला: ठोकणारा.
"पूर्ण नाव?"
भटू नथ्थू वाडिले.
तिनं ते सतरा झाडांसमोर लिहिलं,
एकदाही 'वरीलप्रमाणे' न म्हणता.

तेव्हापासून शिडी कुठे लावायची ते मी सांगतो.
थोडं डावीकडे. सालीच्या घडीत बघा.
मी डावखुरा, माझा खिळा तिरका जातो,
ओढतानाही तिरकाच ओढा.

आणि एक, जे झाडानंच दाखवलं:
तेव्हा ते दुकानाच्या छपराएवढं होतं,
आता तीन मजले वर आहे.
खिळा मात्र वर गेला नाही.
मी हात उचलतो
आणि तो बरोब्बर तिथेच, एकवीस वर्षांच्या
माझ्या हाताच्या उंचीवर, वाट बघत नव्हता,
नुसता होता.

सदतीसचा शेवटचा निघालाच नाही.
सालीनं तोंड मिटून घेतलंय,
झाकणाची कड तेवढी दिसते,
कापलेल्या नखाएवढी.
मिस्तरींनी कटावणी टेकवली,
मग परत पिशवीत टाकली.
"ऱ्हाऊ दे. आते तो त्यानाच."

नाझनीन लिहिते:
झाड ३७, कडुनिंब, निघाले अकरा, आत एक.
शेरा,
आणि पेन तसंच धरून माझ्याकडे बघते.

पलीकडे रसवंतीचं घुंगरू सुरू झालंय.
शिडी अडतीसकडे निघते.
मी तिचं मागचं टोक उचलतो.