गोटी

सेलूच्या स्टँडसमोर, रसवंतीला लागून
बावीस वर्षं माझा सोड्याचा गाडा.
गोट्या दाबून दाबून अंगठ्याला घट्टा पडलाय.
टॉक्क! आवाज झाला की माणूस अर्धा बरा,
असं मीच म्हणायचो.

धोंडे जेवून जड झालेले जावई या,
पंगतीतली भजी वर आलेले या,
छातीत भरून आलंय? तुम्हीपण या.
लिंबू, काळं मीठ, जिऱ्याची चिमूट.
‘गॅस हाय, दुसरं काय!’
इतक्यांदा बोललो की पाटी लावावी लागली नाही.

मुंजाजी मोंढ्यातला हमाल.
हरभऱ्याची आवक, भर दुपार.
आला तो शर्टाची बटणं उघडत,
गमछा पिळला तर पाणी गळावं असा घाम,
डावा हात उजव्या हातात धरलेला,
दुसऱ्याचं पोर सांभाळायला घेतल्यासारखा.
‘कडक बनवा मालक,
छातीवर पोतं ठेवल्यावानी झालंय.’
मी हसलो. म्हणालो, पोत्याची सवय हाय की तुला.
एक पाजला. मग दुसरा.
दुसऱ्याचे पैसे घेतले नाहीत.
वीस मिनिटं तो माझ्या बाकड्यावर बसून होता.
सरकारी दवाखाना तिथून दिसतो.
पाण्याच्या टाकीअलीकडची पिवळी भिंत.
वीस मिनिटं.

डॉक्टरीणबाई नंतर गाड्यावर आल्या.
रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
रिकामी बाटली हातात फिरवत म्हणाल्या,
काळजाच्या नळीचीही अशीच मान असते.
आत चरबी धरते, तंबाखू तिला खरवडते,
एक दिवस रक्ताची गोटी होते आणि अडकते.
तुमच्याकडे अंगठा आहे,
आमच्याकडे इंजेक्शन, फुगा, जाळी.
पण पलीकडचं मांस तोवर मरत राहतं,
आणि मेलेलं परत उगवत नाही.

मी विचारलं, मग ओळखायचं कसं?
म्हणाल्या, तुम्ही ओळखायचंच नाही.
ते यंत्राचं काम. पाच मिनिटांत पट्टी निघते.
तुम्ही फक्त पाठवायचं.

चिंचेचे गोळे विकणारी कौसाबाई आली पुढच्या पोळ्याला.
छाती दुखतच नव्हती तिची.
जबडा दुखत होता, पाठीत कळ, मळमळ,
टोपली उतरवतानाच दम लागलेला.
‘दाढ असंल. सोडा दे.’
मी बाटली उचलली. परत ठेवली.
‘नाही देत.’
‘कामून? पैसे हाईत मपल्याकडं!’
तिच्या शिव्या खात तिला अफसरच्या रिक्षात बसवलं,
एक पाऊल चालू दिलं नाही.

पट्टीवर डोंगर उठले होते म्हणे,
जिथं सपाट वाट हवी होती.
इंजेक्शन इथंच दिलं, जाळी परभणीला बसली.
आता येते, टोपली टेकवते, म्हणते,
‘दोन गोळ्या रोज, मरेस्तोवर! तूच लावल्यास.’
मध्ये बरं वाटलं म्हणून महिनाभर बंद केल्या होत्या,
तेव्हा शिव्या मी दिल्या.

माझंही बीपी एकशेसत्तर निघालं.
काळं मीठ बोटाला लावून चाखायची खोड होती ना.
तंबाखू तीनदा सोडली. ही चौथी.
धंदा थोडा बसलाय. ‘सोडेवाला डॉक्टर’
म्हणतात पोरं, म्हणू देत.

काल मुंजाजीचा पोरगा आला,
त्याच मोंढ्यात, त्याच पोत्यांखाली असतो आता.
तहान लागली होती, बाकी काही नाही.
गालात बापासारखाच बार.
म्हणाला, बाप शेवटी काय बोलला होता?
मी सांगितलं नाही.
विचारलं, बीपी कधी बघितलंस?
‘मला काय धाड भरलीय?’
तो हसला.
अगदी मी हसलो होतो तसा.

गोटीवरचा अंगठा मी काढला,
गाडा तसाच उघडा टाकून
त्याचं मनगट धरलं.
पिवळी भिंत तिथून दिसते.