सहावा घोडा

दार्खानच्या बसथांब्यामागं आमचं दुकान:
पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, फ्लेक्स.
फेब्रुवारीत माणसं दोनच कामांना येतात,
व्हिसा नाहीतर मयत.

गुंचिनसुरेन तिसऱ्याच कामाला आला.
डेलच्या जाड अस्तरातून एक फोटो काढला,
त्याला बाहेरचं गार लागू नये
अशी तळहाताची खोपी करून.

कुमाईत घोडा, दोरीला बांधलेला.
पाठीवर मुलगा, उन्हानं एक डोळा बारीक.
मागं सपाट गवत, निळी मोटार, कुणाची तरी पाठ.
"याला पळव," म्हणाला.

फाइलीला द्यायला मी नाव विचारलं.
"घोड्याला रंग असतो. नाव माणसाला.
वर बसलाय तो बातजार्गल.
आता कोरियात आहे, रंगाच्या कारखान्यात."

पळवणं सोपं असतं. म्हणजे मला वाटायचं.
आधी दोरी पुसली.
मग घोडा गवतापासून सोडवला, केसाकेसानं,
माउसवरचं बोट आखडेपर्यंत.
मग गवत ओढलं, डावीकडून उजवीकडे,
ओल्या रंगावरून कुणी फडकं फिरवावं तसं.
निळ्या मोटारीची निळी रेघ झाली.
कुणाची तरी पाठ गेली ती गेलीच.
आयाळ ताणली, शेपूट आडवी केली,
पाय आणले दुसऱ्याच एका घोड्याचे,
कुठल्याशा ओल्या हिरवळीवरचे,
आणि कुमाईत रंगवून चिकटवले.

तो स्टुलावर बसून बघत होता.
पायांशी आल्यावर हसला.
"हा तिसऱ्या टापेला तोंडावर पडेल."
आणि उठून, प्रिंटर आणि हीटर यांच्यामधल्या
दीड हात जागेत, साठीचा माणूस
बुटांसकट चौखूर झाला:
"हा मागचा. हा मागचा. हा पुढचा. हा पुढचा.
मग चारही पोटाखाली.
जमिनीला कुणीच नाही.
तिथं पकड."

तिथं पकडलं.
सावली टापांपासून चार बोटं खाली सरकवली
तेव्हा कुठं घोडा उचलला गेला.
तो काही बोलला नाही. चहा मात्र प्याला.

मग धूळ. माझ्याकडे धुळीचे सतरा नमुने आहेत.
सगळ्यात दाट होती ती मागं लोटून दिली.

"ही कुणाची?"
"तुमच्या घोड्याची."
"आणि पुढची?"

पुढं मी मोकळं आभाळ ठेवलं होतं,
जिंकणाऱ्याला ठेवतात तसं.

"पुढं पाच होते," तो म्हणाला.

पाचांना पदकं. पाचांच्या घामाला
माणसं बोटं लावतात, कपाळाला लावतात.
फोटोवाले त्यांच्याभोवतीच.
हा आला अर्ध्या मानेनं मागं,
आणि तोवर सगळ्यांची पाठ झाली होती.

मी म्हटलं, पहिला आणते की.
हातातलं काम आहे. पैसेही तेवढेच.

त्यानं माझ्याकडे पाहिलं,
मघाशी त्या चिकटवलेल्या पायांकडे
पाहिलं होतं तसं. पण हसला नाही.

मग बसले.
पाच घोड्यांची धूळ, पाच थरांत.
लांबच्याची विरळ, पिठासारखी,
पाचव्याची जवळून उडालेली,
तिच्यात बारीक खडे, गवताच्या काड्या.
सगळी कुमाईताच्या तोंडावर घेतली, नाकपुड्यांत,
लगाम धरलेल्या मुठींवर, मुलाच्या ओठांवर.

चेहऱ्याला मी हात लावला नव्हता.
लावावा लागला नाही.
उन्हानं बारीक झालेला डोळा
धुळीनं बारीक झालेला डोळा झाला,
आणि तो समोरच्या पाचांकडे बघू लागला.

मग मी काही न करता सगळं पळू लागलं.

प्रिंट निघाला तेव्हा शाई ओली होती.
गुंचिनसुरेननं तो खिडकीशी धरला.
चेहऱ्यावरची धूळ पुसायला बाही उचलली,
आणि आवरली.