ओपाची नोंदवही

पहिली पानं पोर्तुगीजमधली,
इनासियु बार्रेटोच्या तिरक्या अक्षरात.
तारीख, डिझेल किती लिटर, सही,
आणि कधीमधी शेरा: आग्वा तुर्वा.
म्हणजे पाणी गढूळ.

डिसेंबरातल्या त्या रात्री पूल उडाले,
सकाळपर्यंत राज्य बदललं.
वहीत एवढंच: पंप चालू. वॉशर बदलला.

मग घाट उतरून वीज आली,
इंजिन भंगारात गेलं,
रकाने इंग्रजीत छापून आले.
इनासियुच्या खुर्चीत मी.
माझंही अक्षर तिरकं होत गेलं;
टेबलाचा एक पाय आखूड आहे.

खाणीकडून खांडेपार लाल उतरते
तेव्हा हात आपसूक लिहून जातो
आग्वा तुर्वा.

पणजीहून अजून कुणी
अर्थ विचारलेला नाही.